प्लॅन वाढवला, तरी स्पीड तेवढाच: घरच्या इंटरनेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅन वाढवून घेतला, पैसे जास्त जायला लागले आणि घरात फरक शून्य, ही तक्रार फार जणांची असते. पहिला राग कंपनीवर निघतो, दुसरा राउटरवर. दोष त्यांचा असूही शकतो. पण नेमकं कुठे घोडं पेंड खातंय हे न बघता नवा राउटर आणणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. ज्या क्रमानं तपासावं, साधारण त्याच क्रमानं पुढचे प्रश्न लावले आहेत.

प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएस केला. कंपनी म्हणते, चालू झाला. स्पीड टेस्ट मात्र ९३-९४ च्या पुढे सरकत नाही. असं का?

९४ च्या आसपास अडकलेला आकडा दिसला की निम्मं निदान झालंच म्हणून समजा. तुमच्या घरातल्या जोडणीत कुठेतरी एक दुवा १०० एमबीपीएसचा आहे. इथरनेटवरून, म्हणजे लॅन केबलच्या जोडणीवरून, जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या छोट्या तुकड्यावर) पत्त्यांचा आणि तपासणीचा मजकूर असतो. त्यात थोडी क्षमता खर्च होते आणि १०० पैकी ९४-९५ तुमच्या कामाला उरतात. जुना प्लॅनच १०० चा होता तोवर हा दुवा कुणाच्या नजरेत आला नाही. आता मागून ३०० येतायत आणि पुढे ९४ सुटतायत.

असा दुवा बहुतेक वेळा चार ठिकाणी सापडतो: राउटरचं वॅन पोर्ट (जिथे बाहेरून इंटरनेट येतं), त्याचं लॅन पोर्ट (जिथून घरातल्या यंत्रांना केबल जाते), मधली केबल किंवा लॅपटॉपला लावलेला यूएसबी-लॅन अडॅप्टर. राउटरच्या खोक्यावर १२०० असा मोठा आकडा छापलेला असतो, तो वायफायचा. आतली पोर्टं १०० ची असू शकतात आणि स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांत ती तशीच असतात. मग टेस्ट वायफायवर केली तरी ९४ च दिसणार, कारण बाहेरून येणारं सगळं त्या एकाच वॅन पोर्टातून आत येतं.

फायबरची तार जिथे येऊन संपते तो डबा, म्हणजे ओएनटी, आणि राउटर असे दोन वेगळे डबे असतील तर ओएनटीची पोर्टंही बघा. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं, असतं आणि बाकीची १०० ची. जोडणी करून गेलेल्या माणसानं केबल त्यातल्या भलत्याच पोर्टात खोचलेली असते. ती काढून बरोबर पोर्टात लावली की काम झालं, एक पैसा खर्च न करता.

हा १०० चा दुवा केबलमध्ये आहे की पोर्टात, हे कसं ओळखायचं?

लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा आणि नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १००० दिसलं तर तो टप्पा ठीक आहे. १०० दिसलं तर केबल बदलून पुन्हा बघा. तरीही १०० च राहिलं तर पोर्ट किंवा अडॅप्टर. राउटर आणि ओएनटी यांच्यामधली केबल लोक विसरतात. तिची लिंक राउटरच्या सेटिंग पानावर, वॅनच्या माहितीत दिसते.

आता केबल हातात घेऊन तिच्या पारदर्शक टोकात डोकावा. आत आठ बारीक रंगीत तारा शेजारी शेजारी बसलेल्या दिसतील, प्रत्येकीच्या डोक्यावर पितळी रंगाची एक पट्टी. १०० एमबीपीएसला यातल्या फक्त चार पुरतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली, किंवा एखादी तार टोकापर्यंत पोचलीच नसली, तरी इंटरनेट व्यवस्थित चालू राहतं. दोन्हीकडची यंत्रं गपचूप १०० वर उतरतात. ना कुठला लाल दिवा, ना कुठली सूचना. दाराखालून गेलेली, कपाटामागे चेपलेली किंवा खिळ्यानं ठोकलेली केबल असेल तर पहिला संशय तिच्यावरच घ्या.

केबलच्या आवरणावर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असावं. गिगाबिटसाठी ५ई पुरेशी आहे, १०० मीटरपर्यंत. घरात त्याहून महाग केबल घालून स्पीड वाढत नाही.

टेस्ट वायफायवर केली तर चालेल ना?

पहिली टेस्ट वायरवरच करा. या पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वायरवर पूर्ण स्पीड आला, तर कंपनी तिचं काम करते आहे आणि अडचण तुमच्या वायफायची आहे. वायरवरही आला नाही, तर वायफायच्या मागे लागून वेळ घालवू नका. ही एक टेस्ट न करता लोक महिनोन्‌महिने एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

टेस्टच्या वेळी घरातले बाकीचे फोन, टीव्ही आणि कॅमेरे वायफायवरून काढा. व्हीपीएन बंद करा. लॅपटॉप चार्जरवर लावा, कारण बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये काही लॅपटॉप नेटवर्कही आवरून धरतात. क्लाउड बॅकअप चालू नाही ना, ते बघा. ब्राउझरपेक्षा टेस्टचं ॲप बरं, विशेषतः ५०० च्या पुढच्या प्लॅनला, कारण जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरच थकतो. सर्व्हर जवळचा निवडा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री टेस्ट घ्या. आकडे तारखेसह लिहून ठेवा, पुढे तक्रारीत ते उपयोगी पडतात.

३०० चा प्लॅन आहे, पण फाइल उतरताना ३५-३६ च दिसतो. फसवणूक झाली का?

नाही, हा पूर्ण स्पीड आहे. कंपनी मेगाबिटमध्ये सांगते, डाउनलोडची खिडकी बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवते आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. ३०० ला ८ नं भागलं की ३७.५ येतात.

कंपनीनं प्लॅन खरंच बदललाय की फक्त बिल बदललंय?

असंही होतं. लिंक सगळीकडे १००० दाखवते आहे, केबल ठीक आहे आणि तरी वायरवरची टेस्ट जुन्या प्लॅनच्याच आकड्यावर, किंवा किंचित वर, सपाट रेषेसारखी चालते, तर नवा प्लॅन तुमच्या जोडणीवर लागलेलाच नाही. बिलाची यंत्रणा वेगळी आणि स्पीडची मर्यादा लावणारी वेगळी, त्यामुळे एकीकडे झालेला बदल दुसरीकडे पोचायचा राहून जातो.

बऱ्याच कंपन्यांकडे मर्यादा लॉगिनच्या वेळी लागते. तुमचा राउटर दोन महिन्यांपूर्वी लॉगिन होऊन तसाच चालू असेल तर तो जुन्याच मर्यादेवर बसून राहू शकतो. ओएनटी किंवा मोडेम आणि राउटर, दोन्ही भिंतीवरच्या बटनानं बंद करा, दहा-एक मिनिटं थांबा, आधी ओएनटी चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. तेवढ्यानं फरक पडला नाही तर कस्टमर केअरला ‘माझ्या लाइनवरचा स्पीड प्रोफाइल किती आहे ते बघून सांगा’ असं विचारा. ‘प्लॅन कुठला आहे’ असं विचारलंत तर ते बिलाच्या पडद्यावरून वाचून दाखवतील.

आणखी दोन गोष्टी प्लॅनच्या अटींत बघा. नवा प्लॅन लगेच लागू होतो की पुढच्या बिलापासून? आणि महिन्याची डेटा मर्यादा ओलांडली की स्पीड उतरतो का? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच संथ होत असेल तर दुसऱ्या गोष्टीचा संशय घ्या.

वायरनं पूर्ण ३०० येतात, वायफायवर ४०-५०. आता काय करू?

बहुतेक घरांची खरी अडचण इथेच असते, म्हणून जरा सविस्तर.

वायफायचे दोन नेहमीचे पट्टे आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतींतून लांब जातो, पण अरुंद आहे आणि गर्दीचा. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात. एका अँटेनाचं साधं यंत्र, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर, चौथ्या पिढीच्या वायफायनं कमाल ७२ ची लिंक धरतं आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास स्पीड देतं. तुमचे ४०-५० तिथूनच आलेले असण्याची शक्यता मोठी. ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर, दोन अँटेनांचा वायफाय ५ चा फोन ८६६ ची लिंक धरतो आणि त्याच खोलीत ५०० च्या पुढे सहज जातो.

तेव्हा आधी फोन कुठल्या पट्ट्यावर आहे ते बघा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर काही फोन हट्टानं २.४ ला चिकटून बसतात. निदान तपासणीपुरतं तरी दोन्हींना वेगवेगळी नावं द्या.

मग राउटरची जागा. तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा जमिनीवर कोपऱ्यात असेल तर ५ गिगाहर्ट्झचा लाभ पुढच्या खोलीपर्यंतच मिळेल. घराच्या मध्याकडे, उंचावर आणि उघड्यावर ठेवा. तार पुरत नाही म्हणून राउटर दाराजवळच्या पेटीत कोंबलेला असतो. दहा मीटरची लॅन केबल ओढून तो बाहेर काढणं हे नवा राउटर घेण्याहून कितीतरी शहाणपणाचं आहे.

चॅनलचं म्हणाल तर २.४ वर फक्त १, ६ आणि ११ यांतलाच निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मधला ३ किंवा ४ निवडून ‘मोकळा मिळाला’ असं वाटतं, पण तो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडतो. ५ वर बहुतेक राउटर स्वतः निवडतात ते ठीक. त्यातले काही चॅनल रडारसाठी राखीव वापराचे आहेत. तिथे राउटरला आधी निदान ६० सेकंद ऐकावं लागतं आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो. वायफाय अधूनमधून मिनिटभर नाहीसं होत असेल तर राउटर अशाच चॅनलवर आहे का ते बघा आणि ३६ ते ४८ मधला एक ठरवून द्या.

शेवटची गोष्ट फारशी कुणी तपासत नाही: सुरक्षा प्रकार. सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असं जुनं काही निवडलेलं असेल तर नियमानुसारच वायफाय ५४ च्या जुन्या लिंकवर अडतं, राउटर कितीही नवा असो. डब्ल्यूपीए२ सोबत एईएस, किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा.

माझ्या फोनवर ४०० येतात, त्याच जागी जुन्या लॅपटॉपवर ४०. राउटर बिघडलाय का?

राउटर ठणठणीत आहे. लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असणार. गिगाबिट यूएसबी-लॅन अडॅप्टर किंवा दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी वायफाय अडॅप्टर लावा. तो निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टात लावा. यूएसबी २ ची कागदावरची कमाल ४८० आहे, हाती त्याहून बरंच कमी येतं.

टीव्हीला लॅन केबल लावली, तर टेस्ट वायफायपेक्षा कमी आली. उलटं कसं?

बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० चंच असतं. पुन्हा तेच ९४. काळजी नको. फोर-के चित्रपटाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, आणि केबलची जोडणी वायफायहून स्थिर असते. केबल राहू द्या.

राउटर नवीन घ्यावाच का?

पोर्टं १०० ची असतील तर हो, घ्यावाच लागेल. एरवी आधी जुन्याच्या सेटिंगमध्ये शिरा.

क्यूओएस नावाचं पान उघडा. कुठल्या कामाला किती स्पीड द्यायचा ते तिथे ठरतं. जुन्या प्लॅनच्या काळात तिथे कुणीतरी इंटरनेटची क्षमता १०० अशी भरून ठेवलेली असते आणि राउटर ती इमानानं पाळत असतो. तो आकडा बदला किंवा क्यूओएस बंद करून टेस्ट घ्या. मुलांसाठीचे निर्बंध, कोण किती डेटा वापरतो याची मोजणी, आतलं अँटिव्हायरस यांचंही तसंच. अनेक राउटरांत पॅकेट झटपट पुढे ढकलण्यासाठी वेगळी हार्डवेअरची सोय असते. या सुविधा चालू केल्या की ती बंद पडते आणि सगळा भार छोट्या प्रोसेसरवर येतो. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत हा भार आणखी जाणवतो.

शंका पक्की करायची तर राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप थेट ओएनटीला लावून टेस्ट घ्या. लॉगिनचं युजरनेम लागत असेल तर ते लॅपटॉपवर टाका, आणि फायरवॉल चालू आहे ना ते आधी बघा. थेट ३०० आणि राउटरमधून १८० असं आलं, तर राउटर दोषी आहे आणि बदलणं योग्य आहे. त्याआधी नाही.

आतल्या खोलीसाठी रिपीटर लावला. तिथे सिग्नलच्या काड्या भरल्या, पण स्पीड तसाच.

काड्या रिपीटरपर्यंतच्या आहेत. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून स्पीड सरळ निम्मा होतो. शिवाय तो स्पीड नसलेल्या खोलीतच लावला असेल तर त्याला स्वतःलाच कमी मिळतंय. त्याला अर्ध्या वाटेवर आणा. त्याहून उत्तम म्हणजे आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देण्यापुरता) लावणं. मेश (एकत्र चालणाऱ्या वायफायच्या डब्यांचा संच) घेतलंत तरी त्याचे डबे केबलनं जोडता आले तर जोडा.

दिवसा ३००, रात्री आठनंतर ६०. हे घरातलं की बाहेरचं?

वायरवरही असंच होत असेल तर बाहेरचं, आणि याची जबाबदारी पूर्णपणे कंपनीची. सर्वत्र वापरात असलेल्या जीपॉन प्रकारच्या फायबरवर एका तारेवर सुमारे २.५ गिगाबिट येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढ घेतली तर वाट्याला जेमतेम ७७ एमबीपीएस येतील. सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून हे गणित एरवी चालतं. बऱ्याचदा कोंडी त्याच्याही पुढे, कंपनीच्या आतल्या जोडण्यांवर असते. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: आठवडाभर ठरलेल्या वेळी वायरवर टेस्ट घेऊन नोंद ठेवणं.

आमचं फायबर नाही, टीव्हीच्या किंवा टेलिफोनच्या तारेवरचं आहे.

टीव्हीच्या तारेवर मोडेमची पिढी बघा. डॉक्सिस ३.० या पिढीत एक चॅनल सुमारे ३८ ते ५० एमबीपीएस देतं आणि मोडेम अशी अनेक चॅनल एकत्र बांधतो. ८ चॅनलचा मोडेम ३०० ते ४०० वर संपतो. ५०० चा प्लॅन घेऊन तोच मोडेम ठेवला तर वरचे पैसे वाया गेले. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर मात्र अंतरच राज्य करतं. एक-दीड किलोमीटरच्या पुढे व्हीडीएसएलचा (याच तारेवरच्या वेगवान इंटरनेटचा) फायदा जवळपास संपतो आणि तिथे मोठा प्लॅन घेऊन काही हाती लागत नाही.

ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकतो.

मग बाकी सगळं सोडून आधी हे. एलओएस म्हणजे सिग्नल हरवणं: तारेतला प्रकाश नीट पोचत नाहीये. ओएनटीच्या सेटिंग पानावर मिळणारी ऑप्टिकल पॉवर दिसत असेल तर बघा: उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही साधारण चालणारी मर्यादा, आणि उणे २५ च्या खाली गेली की दुरुस्तीला सांगितलेलं बरं. पिवळी किंवा पांढरी बारीक तार कुठे करकचून दुमडली नाही ना, ते बघा आणि हलक्या हातानं सैल करा. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण तो असतो.

स्पीड टेस्ट भरभरून दाखवते, तरी व्हिडिओ कॉल तुटतो. प्लॅन आणखी वाढवू का?

मुळीच नको. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. इथे अडचण स्पीडची नाही, वाट बघण्याची आहे. कुणाच्या तरी फोनवरून फोटो अपलोड होत असतात, अपलोडची क्षमता भरते, राउटर किंवा मोडेम पॅकेटांची लांब रांग लावतो आणि तुमच्या आवाजाचं छोटं पॅकेट रांगेच्या शेपटीला उभं राहतं. तपासायला सोपं आहे: पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसरीकडे स्पीड टेस्ट लावा. एरवी १०-१५ मिलिसेकंदांत येणारं उत्तर २००-३०० वर गेलं, तर निदान पक्कं.

यावर उपाय आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आवरण्याची पद्धत मांडली. ती आज कित्येक राउटरांत ‘एसक्यूएम’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ या नावानं मिळते. तिथे डाउनलोड आणि अपलोड, दोन्हींचे आकडे टेस्टमध्ये आलेल्या स्पीडच्या ९० टक्के भरा. दहा टक्के स्पीड सोडावा लागतो, पण कॉल तुटायचे थांबतात. नुसत्या मोठ्या प्लॅननं हे होत नाही.

डीएनएस बदलल्यानं स्पीड वाढतो का?

डाउनलोडचा नाही. डीएनएस फक्त साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतं. पान उघडायला लागणारा पहिला क्षण थोडा कमी होऊ शकतो, तेवढंच.

सगळं तपासलं. आता तक्रार कशी करू, म्हणजे ‘राउटर रीस्टार्ट करा’ यावर गाडी अडणार नाही?

‘नेट स्लो आहे’ असं म्हणू नका. असं सांगा: ‘ओएनटीला लॅपटॉप थेट केबलनं जोडला आहे, लिंक १००० ची आहे, बाकी यंत्रं बंद आहेत, तुमच्याच सर्व्हरवर सकाळी अमुक आणि रात्री तमुक स्पीड येतो, प्लॅन ३०० चा आहे.’ सोबत टेस्टच्या पडद्याचे फोटो पाठवा. लाइनवरचा प्रोफाइल आणि ऑप्टिकल पॉवर त्यांच्या बाजूनं किती दिसते, हे विचारा आणि तक्रार क्रमांक घ्या. माणूस घरी आला तर त्यानं त्याच्या फोनवर वायफायची टेस्ट दाखवली म्हणून सही करू नका. तुमच्या लॅपटॉपवर, वायरनं, तुमच्यासमोर करायला सांगा.

त्यांच्याकडून क्षमताच नाही असं कळलं, तर जुन्या प्लॅनवर परत न्यायला सांगा आणि वाढीव प्लॅनच्या दिवसांची रक्कम वळती करून मागा. हे ईमेलवर, लेखी मागा.